पोट की बोट? लेकरांच्या कानाला वेळ कसा कळतो

गेल्या वर्षावासातली गोष्ट. चांदूर बाजारच्या एका वस्तीत, विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन आटोपले आणि सगळे एकमेकांना जयभीम करू लागले. एका आजीच्या कडेवर अडीच वर्षांचा नातू होता. आजीने त्याचे हात जोडून दिले. तो मोठ्याने म्हणाला, “दय बीम!” बाया हसल्या. आजी म्हणाली, “त्याले भ येत नाही अजून. येईन हयूहयू.”

आम्ही त्याच्याकडे बघून गमतीने म्हणालो, “दय बीम!” तर पोट्टं एकदम रागावलं. मान हलवून म्हणाले, “दय बीम नाई, दय बीम!” म्हणजे आम्ही चुकीचे बोललो हे त्याला बरोबर कळले होते. त्याची जीभ भ म्हणत नव्हती, पण कानाला भ पक्का ठाऊक होता. आम्ही आजीला सांगितले, याची काळजी करू नका.

त्याच दिवशी निघताना एका बाईने आम्हाला बाजूला घेतले. तिचा मुलगा चार वर्षांचा. शाळेतून निरोप आला होता, “हा मंद आहे, सांगितलेले समजत नाही.” त्याच्यासमोर बसून आम्ही नेहमीसारखे विचारले, पोट कुठाय? त्याने पोट दाखवले. बोट कुठाय? त्याने बोट दाखवले. मग आम्ही पदराने तोंड झाकून विचारले, बोट कुठाय? त्याने पोटावर हात ठेवला. पुन्हा विचारले, पोट कुठाय? त्याने आईकडे पाहिले. दोन लेकरांमधला हा फरक समजून घ्यायचा म्हणून या वेळचे आरोग्याचे पान.

आधी आपल्या गळ्याचा एक प्रयोग करा. दोन बोटे कंठावर ठेवा, दुसरा तळहात तोंडासमोर धरा आणि सावकाश म्हणा : पार, फार, बार, भार. फ मात्र दोन्ही ओठ मिटून म्हणा, इंग्रजीसारखा दातांवर ओठ टेकवून नको. चारही शब्दांत ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. मग फरक कशाने पडतो? बराचसा वेळेने. बार म्हणताना ओठ उघडायच्या आधीपासूनच कंठ थरथरू लागतो. पार म्हणताना ओठ उघडले की जवळजवळ लगेच थरथर सुरू होते. फार म्हणताना ओठ उघडतात, हवेचा झोत तळहातावर येतो आणि कंठ थोडा उशिरा जागा होतो. हा ‘थोडा उशीर’ सेकंदाच्या हजार भागांपैकी काही दहा भागांचा असतो. डोळ्याची पापणी एकदा लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्याशा वेळेवरून कान ठरवतो की समोरच्याने पार म्हटले की फार.

आपल्या मराठीचे हे माप फार पूर्वी घेतले गेले आहे. लिस्कर आणि अब्रामसन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६४ साली अकरा भाषांमधल्या अशा आवाजांची वेळ मोजून प्रसिद्ध केली. त्यात मराठी होती, हिंदी होती, तमिळही होती. बऱ्याच भाषांचे काम दोन किंवा तीन गटांत भागत होते. मराठी-हिंदीत चार निघाले. आणि त्यांच्या ध्यानात आले की आपला भ नुसत्या वेळेच्या मापात मावत नाही. ब आणि भ दोन्हींत कंठ आधीच थरथरू लागतो. भ मध्ये त्याच्यासोबत श्वासाचा झोतही येतो. म्हणजे लेकराला दोन कामे एकाच वेळी साधावी लागतात. भ, ध, घ, ढ हे आवाज लेकरांच्या तोंडी सहसा उशिरा बसतात त्याचे हे एक कारण. आपल्या घरचे सर्वांत लाडके दोन शब्द, भीम आणि धम्म, नेमके याच कठीण आवाजांनी सुरू होतात. तेव्हा अडीच वर्षांच्या लेकराने ‘बीम’ म्हटले तर त्याला टोकू नका, हसू नका. आपण फक्त स्पष्ट ‘जय भीम’ म्हणून उत्तर द्यायचे.

आता हे सगळे बाळाला केव्हा कळू लागते? आमच्या नर्सिंगच्या काळात आम्हालाही वाटायचे, वर्षभराचे झाल्यावर. तसे नाही. १९७१ साली अमेरिकेत आयमास आणि त्यांच्या सोबत्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. बाळाच्या तोंडात दूध नसलेले बोंडूक द्यायचे. बाळ जोराने चोखले की ‘बा’ असा आवाज ऐकू येई. बाळाला मौज वाटे, ते आणखी चोखे. तोच तो आवाज ऐकून कंटाळले की चोखणे मंदावे. तेव्हा आवाज बदलून ‘पा’ केला की बाळ पुन्हा जोरात चोखू लागे. दोन आवाजांत फरक होता फक्त २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा. तेवढ्याच फरकाचे पण दोन्ही ‘पा’च वाटणारे आवाज दिले तेव्हा मात्र बाळांनी तशी दखल घेतली नाही. एक महिन्याचे बाळ, मान धरता येत नाही, पण ‘बा’ आणि ‘पा’मधली सीमा त्याचा मेंदू जाणतो.

पुढे चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्यालाही शिकवून पाहिले. त्याच्या कानानेही सीमा जवळपास तिथेच दाखवली. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. शुद्ध वाणी, संस्कारी वाणी, उच्च कुळाची वाणी यांच्या गप्पा या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिली नाही, पर्शियन घ्यावी लागली. आणि आवाजातला वेळ पकडणारा कान तर दूरदेशच्या उंदराच्या भावंडालाही निसर्गाने दिलेला आहे. तो जात विचारून मिळत नाही.

पण मिळालेला कान वापराने घडतो. पहिल्या वर्षात मेंदू आजूबाजूच्या बोलीचा हिशेब ठेवतो. जे फरक घरात कामाचे असतात ते पक्के होतात, जे कोणी बोलतच नाही ते बाजूला पडतात. कॅनडातल्या जॅनेट वर्कर यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाची होत आलेल्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. त्यांच्या घरी त्या फरकाची गरजच नव्हती. म्हणून पहिले वर्ष मोलाचे. जे बाळ या वर्षात आवाज ऐकतच नाही, त्याच्या मेंदूला हिशेब ठेवायला काही मिळत नाही.

इथे मोबाइलचे बोलावे लागेल. संत्र्याच्या बागेत मजुरीला जायचे, घरी म्हातारी आजी, लेकरू रडले की हातात मोबाइल. आम्ही दोष देत नाही, आमच्याही घरात हेच झाले. पण अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली दाखवून दिले की नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली तेव्हा बाळांचा कान चिनी आवाज पकडू लागला. तीच माणसे, तसेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा बाळांनी काहीच उचलले नाही. बाळाला डोळ्यात बघणारे, थांबणारे, त्याच्या हुंकाराला उत्तर देणारे माणूस लागते. आजी भाजी निवडता निवडता जे बोलते ते मोबाइलमधल्या इंग्रजी गाण्यांहून कितीतरी कामाचे. आणि बाळाशी बोलताना आपण आपोआप आवाज ताणतो, हेल काढतो, “माय्ं बाऽऽय, भूऽऽक लागली का?” त्याची लाज वाटू देऊ नका. ताणलेल्या आवाजात सुट्टे भाग बाळाला सोपे जातात.

आता आमची एक चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका घरी दीड वर्षाची मुलगी बोलत नव्हती. आईला काळजी. सासू म्हणाली, “आमच्या घरचे सारेच उशिरा बोलतेत.” आम्ही मुलीच्या मागे उभे राहून टाळी वाजवली. तिने वळून पाहिले. आम्ही म्हणालो, ऐकू येते, बोलेल. ती तीन वर्षांची झाल्यावर तपासणी झाली तेव्हा कळले की दोन्ही कानांनी तिला फार कमी ऐकू येत होते. टाळीसारखा जोराचा आवाज पोचत असेल, किंवा आमची सावली दिसली असेल, हवा लागली असेल. काहीही असो, नर्स म्हणून आमच्या शब्दावर त्या घराने दीड वर्ष वाट पाहिली. ते दीड वर्ष मेंदूच्या घडणीचे होते. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितलेले आम्ही विहारात दर वर्षी वाचत होतो आणि त्या दिवशी सासूच्या सांगण्यावर आणि स्वतःच्या टाळीवर विसंबलो.

म्हणून टाळी वाजवून, थाळी बडवून कानाची परीक्षा होत नाही. बाळ हुंकारते म्हणूनही निश्चिंत होऊ नये. पूर्ण बहिरे बाळही पहिल्या काही महिन्यांत आवाज काढते. फरक पुढे दिसतो. ऐकणारे बाळ दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी सुटी सुटी अक्षरे जोडून बडबडते. न ऐकणाऱ्याची अशी बडबड उशिरा येते किंवा येतच नाही. सहा महिन्यांच्या बाळाने आवाजाकडे मान वळवायला हवी. वर्षाच्या आतबाहेर नावाला ओ द्यायला हवी, एखादा शब्द यायला हवा. दोन वर्षांला ‘पाणी दे’, ‘आई ये’ असे दोन शब्द जुळायला हवेत. तीन वर्षांला परक्या माणसालाही बरेचसे बोलणे कळायला हवे. यात मागेपुढे होते, पण खूप मागे पडले तर वाट पाहू नका. आणि आलेले बोलणे गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

आता विहारातल्या त्या चार वर्षांच्या मुलाकडे येऊ. त्याला वारंवार सर्दी होई, तोंड उघडे ठेवून झोपे, मोबाइलचा आवाज मोठा करी. कधी ऐके, कधी नाही. आई म्हणे, “त्याले आयकू येते वो ताई, मनावर घेत नाही.” तपासणीत निघाले की दोन्ही पडद्यांमागे पाणी साचले आहे. कान फुटलेला नाही, दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लहान मुलांमध्ये हे फार आढळते. नाकापासून कानापर्यंत जाणारी नळी त्यांच्यात आखूड आणि आडवी असते. सर्दीत ती बंद पडते आणि पडद्यामागे चिकट पाणी साचते.

या लेकराला कसे ऐकू येत असेल ते बघायचे असेल तर दोन्ही कानांत बोटे घाला आणि घरातल्या कोणाला तरी सहज आवाजात पोट, बोट, पार, बार म्हणायला सांगा. आ, ओ हे स्वर कळतात, कारण ते मोठे आणि लांब असतात. प, ब, त, द यांचे क्षण बारीक आणि हळू असतात, तेच हरवतात. लेकराला ‘ओट’ ऐकू येते, बाकीचे ते ओठ बघून जुळवते. म्हणून तोंड झाकले की ते गडबडले. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, शेजारी चाळीस पोरे गलका करतात, आणि हे लेकरू ‘मंद’ ठरते. आमच्या वस्तीतले असेल तर बोलणाऱ्याला आणखी दुसरे कारण शोधायची गरजही वाटत नाही.

बऱ्याच मुलांचे हे पाणी सुमारे तीन महिन्यांत आपोआप ओसरते, म्हणून डॉक्टर कधी कधी थांबून पुन्हा तपासतात. ते थांबणे तपासून थांबणे आहे, घरी बसून थांबण्यासारखे नाही. त्यानंतरही राहिले तर पडद्याला बारीक नळी बसवून पाणी काढावे लागते. या मुलाचे एका कानातले पाणी तिसऱ्या महिन्यात गेले, दुसऱ्यासाठी अमरावतीच्या फेऱ्या चालू आहेत. शाळेला आम्ही एवढेच सांगितले, त्याला पहिल्या रांगेत बसवा आणि तोंड त्याच्याकडे करून बोला.

पोट-बोटाचा खेळ घरोघर करा. तीन वर्षांच्या पुढचे लेकरू, शांत खोली, टीव्ही बंद. तोंडासमोर वही धरा, आवाज नेहमीचा ठेवा. पोट-बोट झाले की जमिनीवर काडी आणि खेळण्यातली गाडी ठेवा, म्हणा काडी दे, गाडी दे. मग तार-दार. एकदा चुकले तर काही नाही, लेकराचे लक्ष कुठेही असते. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा चुकले तर कान तपासा. हा खेळ तपासणीची जागा घेत नाही, तपासणीला कधी जायचे एवढेच सांगतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या वऱ्हाडात डोळ्याला डोया म्हणतात, केळीला केई, काळ्याला काया. लेकरू घरी जे ऐकते तेच बोलते, आणि अगदी बरोबर बोलते. ही कानाची खोट नाही, जिभेची नाही, बुद्धीची तर मुळीच नाही. पुस्तकातला ळ त्याला शाळेत शिकवता येतो, जसा पुण्याच्या मुलाला इंग्रजी शिकवता येते. एका शाळेत बाईंनी आमच्या वस्तीतल्या मुलीला ‘डोया’ म्हटल्याबद्दल वर्गासमोर उभे केले. त्यानंतर ती मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. गंमत अशी की त्याच वर्गात खरोखर कमी ऐकणारा मुलगा बसला होता आणि तो गप्प बसतो म्हणून ‘शहाणा’ गणला जात होता. घरात मराठी आणि शेजारी हिंदी-उर्दू, किंवा मेळघाटातून आलेल्या घरात कोरकू, यानेही बोलणे बिघडत नाही. दोन भाषा ऐकणारा मेंदू दोन हिशेब ठेवतो.

काही लेकरांचा कान तपासणीत ठीक येतो, तरी बोलणे किंवा वाचणे अडते. १९७०च्या दशकात पॉला टॅलल यांनी मांडले की अशा मुलांचा मेंदू भरभर बदलणारे आवाज पकडायला कमी पडतो. इंग्लंडमधल्या उषा गोस्वामी म्हणतात, अडचण शब्दांच्या ठेक्यात आहे, अक्षरामागून अक्षर येते ती लय पकडण्यात. शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. टॅलल यांच्या विचारावर संगणकाचे महागडे खेळ विकले गेले, नंतरच्या तपासण्यांत त्यांचा खास फायदा दिसला नाही. तेव्हा कोणी ‘मेंदू वेगवान करणारा कोर्स’ विकायला आले तर पैसे देऊ नका. ठेका मात्र फुकट आहे. भीमाचा पाळणा म्हणताना थोपटा, लेकराच्या नावाची अक्षरे टाळ्यांवर मोजा, वंदनेला त्याला मांडीवर घेऊन बसा. सगळे एका लयीत सावकाश म्हणतात, त्याहून चांगला ठेका आम्हाला तरी ठाऊक नाही.

कानात तेल टाकू नका, कोमट नको, लसणाचे नको. काडी, पिन, हेअरपिन कानात घालू नका. लेकराला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नका. त्याच्या जवळ बिडी ओढू नका, धुराने कानाचे दुखणे वाढते. मूल होण्याआधी मुलीला रुबेलाची लस मिळाली आहे का बघा, आणि बाळाला नऊ महिन्यांची व दीड वर्षाची गोवर-रुबेला चुकवू नका. गर्भारपणात आईला रुबेला झाला तर बाळ बहिरे जन्मू शकते. मामाच्या, आत्याच्या घरात सोयरिकी करणेही थांबवायला हवे, जन्मजात बहिरेपणाचे ते एक कारण आहे. आणि एक बोलणे काही भावांना आवडणार नाही : १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर लेकरू खांद्यावर घेऊन नाचू नका. कानाच्या आतले बारीक केस एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. जयंती लेझीम-ढोलाने लांबूनही दाखवता येते.

कुठे जायचे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. कमी ऐकणे, कानाचे दुखणे, उशिरा बोलणे हे सगळे त्यांच्या यादीत आहे. अंगणवाडी ताईंना विचारून तारीख काढा आणि त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. डॉक्टरांना ‘बोलत नाही’ एवढेच सांगू नका. म्हणा, “कानाची तपासणी लिहून द्या.” चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालयात, आपल्या इर्विनला, जाता येते. बाळ लहान असेल तर दोन तपासण्यांची नावे ध्यानात ठेवा. ओएई दोन-चार मिनिटांत होते, कानाच्या आतून येणारा प्रतिसाद मोजते. बेरा करताना बाळ झोपलेले लागते. कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूने किती मिलिसेकंदांत उत्तर दिले ते डोक्याला चिकटवलेल्या तारांतून मोजतात. दुखत नाही, सुई नाही. रात्री थोडे जागवून न्या, म्हणजे तिथे झोपेल.

जन्मल्यावर महिन्याच्या आत पहिली तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत इलाज सुरू, असे हे गणित आहे. कमी वजनाचे, काचेच्या पेटीत ठेवलेले, जोराची कावीळ झालेले, मेंदूज्वर झालेले बाळ असेल तर मागून घ्या. यंत्र लागले तर केंद्राच्या एडिप योजनेतून मिळते, कॉक्लिअर इम्प्लांटसाठी त्याच योजनेत पाच वर्षांच्या आतली मुले घेतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. ज्यांना यंत्राने भागत नाही त्यांना खुणांची भाषा लवकर शिकवा, तीही पूर्ण भाषा आहे आणि मेंदूला कोणती तरी भाषा वेळेत मिळालीच पाहिजे.

आमच्या चुकीची ती मुलगी आता मोठी झाली आहे. यंत्र लावते, खुणांनीही बोलते, दहावीला बसली. तिची आई मागच्या महिन्यात विहारात भेटली. दुसऱ्या एका सुनेचे बाळ आमच्यासमोर आणून म्हणाली, “ताई, याले टाळी नोका वाजवू. कागद लिहा.” आम्ही कागद लिहून दिला.